अनोळखी रोड मूव्ही घरी दाखवताय? आधी एवढी तयारी करा

कमी पैशांत बनलेला, फारसा कुणी न पाहिलेला रोड मूव्ही, म्हणजे प्रवासातच घडणारा सिनेमा, कुणीतरी हौसेने शोधून काढतो, चार मित्रांना घरी बोलावतो, आणि पाऊण तासात कोचावरून प्रश्न येतो, ‘अरे, स्टोरी कधी सुरू होणार?’ मग कुणी मोबाइल काढतं, कुणी चहा टाकायला उठतं, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर निकाल लागतो : बोअर. सिनेमा बिचारा फुकट बदनाम होतो. बहुतेक वेळा गडबड आधीच झालेली असते : पहिला सिनेमा चुकीचा निवडलेला, टीव्हीची सेटिंग तशीच ठेवलेली, पाहुण्यांना भलतंच काही सांगून बसवलेलं.

या सिनेमांचा खरा माल दोन मुक्कामांच्या मधे असतो. गाडीच्या काचेतून सरकणारा रस्ता, पेट्रोल पंपावरची पाच मिनिटं, बराच वेळ न बोललेली दोन माणसं. हा मधला वेळ जपला तरच मजा आहे. पुढचे सगळे टप्पे त्यासाठीच आहेत, आणि त्यांचा क्रम बदलू नका. विशेषतः दुसरा आणि तिसरा टप्पा लोक गाळतात आणि मग सहाव्यात येऊन अडकतात.

टप्पा १ : पहिला सिनेमा छोटाच घ्या

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. ‘दाखवायचाच तर या प्रकारातला सर्वांत मोठा दाखवू’ म्हणून लोक जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सचा ‘किंग्ज ऑफ द रोड’ (१९७६) लावतात. सिनेमा थोर आहे, पण १७५ मिनिटांचा, कृष्णधवल आणि जर्मन. पहिल्या रात्रीसाठी नको.

सुरुवात दीड तासाच्या आतल्या सिनेमाने करा. माझ्या मते तीन चांगले पर्याय आहेत.

‘लास अकासियास’ (२०११) हा अर्जेंटिनाचा पाब्लो जॉर्जेली याचा पहिला सिनेमा. पॅराग्वेतल्या असुन्सिओनहून ब्युनोस आयरेसला लाकूड नेणारा एक अबोल ट्रकवाला एका बाईला सोबत घ्यायला तयार होतो. तिच्याबरोबर तान्हं बाळही आहे हे त्याला ऐनवेळी कळतं. सिनेमा बहुतेक सगळा ट्रकच्या केबिनमध्येच घडतो. कान चित्रपट महोत्सवात त्याला पदार्पणाच्या सिनेमासाठीचा कॅमेरा द’ओर मिळाला होता. घरात आई-वडील, मुलं असतील तर हाच घ्या, बिनधास्त.

‘स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज’ (१९८४) अमेरिकी दिग्दर्शक जिम जारमुशचा. न्यूयॉर्क, मग क्लीव्हलंड, मग फ्लोरिडा. हाही कॅमेरा द’ओरवालाच. कोरडा विनोद आवडणाऱ्यांसाठी याच्याइतकं सोपं दार नाही.

‘ओल्ड जॉय’ (२००६) केली रायकार्टचा, जेमतेम सव्वा तासाचा. दोन जुने मित्र ऑरेगनच्या जंगलातल्या गरम पाण्याच्या झऱ्याकडे निघतात, एवढंच. तिघांत सर्वांत शांत हाच आहे, त्यामुळे मंडळी गप्पिष्ट असतील तर तो दुसऱ्या वेळेसाठी ठेवा.

भारतीयच हवा असेल तर गीतू मोहनदासचा ‘लायर्स डाइस’ (२०१३) घ्या. हिमाचलातल्या सीमेलगतच्या गावातून एक बाई छोट्या मुलीला आणि बकरीला घेऊन हरवलेल्या नवऱ्याच्या शोधात दिल्लीकडे निघते. सनल कुमार शशिधरनचा ‘एस दुर्गा’ (२०१७) मात्र पहिल्या रात्री नको. एका रात्रीचा प्रवास, लिफ्ट देणारी अनोळखी माणसं, आणि सतत आता काहीतरी वाईट होणार ही धास्ती. रॉटरडॅमच्या चित्रपट महोत्सवात त्याने टायगर पुरस्कार मिळवला, पण गाफील पाहुणे हादरून घरी जातात.

मराठीतला ‘हायवे : एक सेल्फी आरपार’ (२०१५) बऱ्याच जणांनी पाहिलेला असतो. मुंबई-पुणे रस्ता आणि एकेका गाडीतलं वेगळं जग असा त्याचा बोलका, माणसांनी भरलेला बाज आहे. तो आवडला म्हणून हे सिनेमेही तसेच असतील असं सांगून कुणाला आणू नका. इथे गर्दी नसते.

सावधान : मोठ्यांबरोबर किंवा मुलांबरोबर बघणार असाल तर सिनेमा आधी एकट्याने बघून घ्या. ‘ओल्ड जॉय’मध्ये झऱ्यावरची नग्नता आणि गांजा आहे. ‘किंग्ज ऑफ द रोड’मध्ये शरीरधर्म अगदी जसेच्या तसे दाखवलेत. ऐनवेळी रिमोटसाठी धावाधाव झाली की पुढचा अर्धा तास कुणाचं लक्ष लागत नाही.

टप्पा २ : प्रत तपासा, आदल्या दिवशीच

मुबीसारख्या सिनेमे दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवांवरची यादी सारखी बदलते. आठवड्यापूर्वी दिसलेला सिनेमा शनिवारी असेलच असं धरून चालू नका. आदल्या संध्याकाळी उघडून बघा, आणि नुसतं पोस्टर बघू नका, पाच मिनिटं चालवून बघा.

डिस्क मागवणार असाल तर प्रदेशाचा कोड, म्हणजे ती कुठल्या देशांतल्या प्लेयरवर चालेल, ते पाहा. ब्लू-रेत अमेरिका ‘ए’, युरोप ‘बी’ आणि भारत ‘सी’ गटात येतो. डीव्हीडीत अमेरिका १, युरोप २, भारत ५. तुमच्या प्लेयरला परदेशी कोड चालत नसेल तर महागडी डिस्क नुसती शोकेसमध्ये राहते.

मग लांबी. युरोपातल्या जुन्या पाल (तिथली टीव्हीची पद्धत) डीव्हीडींवर सेकंदाला २४ चौकटींचा (फ्रेम्सचा) सिनेमा २५ने पळवलेला असतो. म्हणजे सगळंच सुमारे चार टक्के जलद : १०० मिनिटांचा सिनेमा ९६त संपतो, १७५चा १६८त. आवाजही किंचित चढतो. हाणामारीच्या सिनेमात हे कुणाच्या ध्यानात येणार नाही. पण ज्या सिनेमात तीन मिनिटं फक्त रस्ता आहे आणि मागे गाणं वाजतंय, तिथे ते जाणवतं.

तपासणी : सिनेमाची मूळ लांबी आणि तुमच्या प्रतीची लांबी शेजारी लिहा. फरक चार टक्क्यांच्या आसपास असेल तर वेग वाढवलेला आहे. त्याहून जास्त असेल तर बहुधा कापलेली प्रत आहे, दुसरी शोधा.

एखादा सिनेमा कुठेच सापडत नसेल तर त्यामागे बरेचदा गाण्यांचे हक्क असतात. गाडीत रेडिओ वाजतो, रेडिओवर खरी गाणी लागतात, आणि छोट्या निर्मात्याने ती फक्त थिएटरपुरती घेतलेली असतात. माँटी हेलमनचा ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ हा अमेरिकी सिनेमा तर स्टुडिओच्या पैशांवरचा, १९७१चा, तरी संगीताच्या हक्कांपायी तो घरी बघण्यासाठी अधिकृतपणे मिळायला १९९९ उजाडलं. म्हणून कुणी म्हणालं की ‘माझ्याकडे आहे, पण गाणी बदललेली आहेत’, तर घेऊ नका. या सिनेमांत गाणं बदलणं म्हणजे संवाद बदलण्यासारखंच आहे.

घराबाहेर, म्हणजे सोसायटीच्या हॉलमध्ये किंवा वाचनालयात दाखवणार असाल तर हक्क ज्याच्याकडे आहेत त्याची लेखी परवानगी आधी घ्या. तिकीट नाही म्हणून परवानगी लागत नाही हा गैरसमज आहे. घरगुती डिस्क आणि ऑनलाइन सेवेची घरगुती वर्गणी ही घरापुरतीच असते.

टप्पा ३ : टीव्हीची सेटिंग बदला

हे काम पाहुणे यायच्या आधी करायचं. पाहुणे बसल्यावर मेनूत शिरलात की प्रत्येकाला सेटिंगमधलं कळायला लागतं.

पहिलं काम : चित्र गुळगुळीत करणारी सोय बंद करा. सॅमसंगवर ती ऑटो मोशन प्लस किंवा पिक्चर क्लॅरिटी, एलजीवर ट्रूमोशन, सोनीवर मोशनफ्लो या नावाने सापडते. टीव्ही दोन चौकटींच्या मधे स्वतःच्या मनाने आणखी चौकटी भरतो आणि सिनेमा मालिकेसारखा दिसायला लागतो. चालत्या गाडीतून घेतलेल्या दृश्यांवर याचा सर्वांत वाईट परिणाम होतो : विजेचे खांब आणि कुंपणं घसरल्यासारखी सरकतात, कडांवर थरथर दिसते. टीव्हीवर फिल्ममेकर मोड असेल तर तो लावा, म्हणजे बहुतेक गोष्टी एका फटक्यात बंद होतात.

दुसरं : चित्राचा आकार मूळ ठेवा. यातले काही जुने सिनेमे आजच्या टीव्हीपेक्षा अरुंद चौकटीत आहेत. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येणारच. ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ उलट खूप रुंद आहे, तिथे वर-खाली पट्टे येतील. पट्टे घालवायला झूम केलंत की एक तर रस्त्याच्या कडा जातात, नाहीतर माणसं ताणून जाडी दिसतात.

तपासणी : गाडीचं चाक किंवा स्टिअरिंग समोरून दिसेल अशा चौकटीवर सिनेमा थांबवा. ते गोल दिसलं पाहिजे. अंडाकृती दिसत असेल तर चित्र ताणलेलं आहे. रोड मूव्हीत चाकांना तोटा नसतो, त्यामुळे ही परीक्षा दोन मिनिटांत होते.

खोलीत अंधार करा. रात्रीच्या प्रवासाची कृष्णधवल दृश्यं ट्यूबलाइटखाली नुसती राखाडी दिसतात. लॅपटॉप जोडणार असाल तर त्याची नोटिफिकेशन्स आणि झोपी जाण्याची वेळ दोन्ही बंद करा.

आणि एक गोष्ट यजमानाला माहीत हवीच. ‘स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज’मध्ये प्रत्येक प्रसंगानंतर पडदा काही क्षण पूर्ण काळा होतो. तो बिघाड समजू नका, नेट अडकलंय म्हणून राउटरकडे धावू नका. ‘टू-लेन ब्लॅकटॉप’च्या शेवटी पडद्यावर जे होतं, तेव्हाही हात रिमोटपासून लांब ठेवा.

टप्पा ४ : आवाज आणि सबटायटल्स

टीव्हीतली संवाद ठळक करणारी सोय बंद ठेवा. ती इंजिन, वायपर, टायरखालची खडी यांचा आवाज दाबते आणि माणसांचा वर काढते. इथे दोन्हींचं नातं दिग्दर्शकाने मुद्दाम ठरवलेलं असतं. ‘लास अकासियास’मध्ये बराच वेळ ट्रकच बोलतो.

डब केलेली आवृत्ती घेऊ नका, सबटायटल्सच वापरा. वेगळी सबटायटल फाइल जोडत असाल तर ती तीन ठिकाणी तपासा : सुरुवातीला, मधे आणि शेवटच्या दहा मिनिटांत. सुरुवातीला बरोबर आणि शेवटी जवळपास तीन मिनिटं किंवा त्याहून जास्त पुढेमागे असं दिसलं तर तोच २४ आणि २५ चौकटींचा घोळ आहे. दोन-तीन सेकंद मागेपुढे सरकवून तो मिटत नाही, योग्य वेगाची फाइलच लागते. लोक पहिलं वाक्य जुळलं की खूश होऊन थांबतात, आणि उत्तरार्धात माणूस गप्प बसलेला असताना खाली त्याचं वाक्य उमटतं.

टप्पा ५ : आधी काय सांगायचं

कमी सांगा. पण जे सांगाल ते बरोबर सांगा.

‘रोड मूव्ही आहे, धमाल आहे’ असं म्हणालात तर हिंदी सिनेमांची सवय असलेली मंडळी मित्र, मोकळ्या टपाची गाडी, गाणी आणि शेवटी सुधारलेलं आयुष्य यांची वाट बघत बसतात. ‘फार खोल आहे, विचार करायला लावणारा’ हे त्याहून वाईट. मग सगळे परीक्षेला बसल्यासारखे ताठ होतात आणि हसायच्या जागी हसत नाहीत. जारमुशवर हसायचं असतं!

मी तीनच गोष्टी सांगतो : किती मिनिटांचा आहे, कुठून कुठे निघतात, आणि पोचतील की नाही याच्यावर पैज लावू नका.

रहस्याची आशा तर अजिबात दाखवू नका. क्रिस पेटिटचा ‘रेडिओ ऑन’ (१९७९) कथासार म्हणून सांगितला तर थरारपट वाटतो : भाऊ गूढरीत्या मेला, नायक लंडनहून ब्रिस्टलला शोध घ्यायला निघाला. एवढं ऐकून बसलेला माणूस शेवटी चिडणारच, कारण मृत्यूचा उलगडा होत नाही. सिनेमा मधल्या रस्त्यावर आहे : गाडीतल्या क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या कॅसेटी, हिवाळी उजेड, आणि एका पेट्रोल पंपावर गिटार घेऊन बसलेला तरुण गायक स्टिंग. तो तिथे एडी कॉक्रनचं गाणं म्हणतो. कॉक्रन हा रॉक गायक १९६०मध्ये इंग्लंडच्या त्याच भागात, चिपनहॅमला झालेल्या मोटार अपघातानंतर वारला. हे आधी माहीत असेल तर तो पंपावरचा साधा प्रसंग एकदम जड होतो. अशी माहिती जरूर सांगा, उलगडा होईल असं मात्र सुचवू नका.

टप्पा ६ : बघताना

जेवण आधी उरका. मध्यंतर घेऊ नका. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगा. ‘सायलेंट ठेवा’ एवढ्याने भागत नाही. आणि दीडपट वेगाने बघणारा कुणी असेल तर त्याला प्रेमाने वगळा. यूट्यूबवरची भाषणं तशी बघावीत.

पहिली वीस मिनिटं कठीण जातात. तेवढ्या वेळात डोळ्यांना घाई सोडावी लागते, आणि ती आपोआप सुटत नाही. म्हणून पाहुण्यांना बघायला काहीतरी ठोस द्या. मी यातलं एक देतो.

‘ओल्ड जॉय’साठी : गाडीतला रेडिओ कधी चालू असतो, कधी बंद होतो, परत कधी लागतो. सुरुवातीला रेडिओवर राजकीय वादावादी चालू आहे, जंगलात ती विरते, आणि संगीत सुरू होतं. दोन मित्रांमधलं काय तुटलंय हे कुणीच बोलून दाखवत नाही. नुसत्या रेडिओकडे लक्ष दिलंत तरी ते कळतं.

‘टू-लेन ब्लॅकटॉप’साठी : पिवळी पॉन्टिअॅक जीटीओ चालवणारा अभिनेता वॉरन ओट्स लिफ्ट दिलेल्या प्रत्येकाला स्वतःबद्दल काय सांगतो. प्रत्येकाला वेगळं! त्याचे स्वेटरही बदलत राहतात. मुख्य पात्रांपैकी कुणालाच नाव नाही. श्रेयनामावलीत ड्रायव्हर, मेकॅनिक, मुलगी आणि जीटीओ एवढंच आहे. गाड्यांची शर्यत लागते, हरणाऱ्याने गाडीचे कागद द्यायचे असं ठरतं, आणि मग हळूहळू शर्यतीत कुणालाच रस उरत नाही. जो प्रेक्षक कोण पुढे आहे ते मोजत बसतो त्याच्या हाती काही लागत नाही.

‘स्ट्रेंजर दॅन पॅराडाइज’साठी काही द्यायची गरज नाही, फक्त क्लीव्हलंडच्या भागात जागं राहा म्हणावं. तिथे तिघं जण थंडीत कुडकुडत ईरी सरोवर बघायला जातात. एवढं ऐकलेलं ते प्रसिद्ध सरोवर. समोर बर्फ, धुकं, आकाश सगळं एकच पांढरं. सरोवर दिसतच नाही. तिघं पाठमोरे उभे, थोडा वेळ बघतात, आणि निघतात. दूरवर प्रवास करून गेल्यावर होणारी ही फजिती आपण सगळ्यांनी कुठल्या ना कुठल्या ‘पॉइंट’वर पावसाळी ढगात उभं राहून अनुभवलेली आहे. मोठ्या सिनेमात इथे सूर्यास्त आला असता. हे सिनेमे काही जणांना आयुष्यभर का पुरतात, त्याचं उत्तर मला त्या पांढऱ्या चौकटीत सापडतं : गेल्यावर काही मिळालं नाही, तरी गेलो ते खोटं ठरत नाही.

सावधान : कुणी कुजबुजत ‘आता बघ हं’ म्हणालं की त्याला थांबवा. यजमान असाल तर स्वतःलाही.

टप्पा ७ : संपल्यावर

श्रेयनामावली पूर्ण चालू द्या, दिवे लगेच लावू नका. पहिला प्रश्न ‘कसा वाटला?’ हा नको, त्यावर सगळे सभ्य खोटं बोलतात. ‘याचा अर्थ काय?’ हा तर नकोच.

त्याऐवजी विचारा : गाडी कुठे कुठे थांबली? आठवून आठवून थांबे सांगायला लागले की माणसं आपोआप बोलती होतात. एकाला पंप आठवतो, दुसऱ्याला तिथली बाई, तिसरा म्हणतो ती आधीच्या हॉटेलातली. शक्य असेल तर नकाशा उघडा. ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ पश्चिमेकडून पूर्वेकडे कॅलिफोर्निया, अॅरिझोना, न्यू मेक्सिको असा सरकत जातो. ‘किंग्ज ऑफ द रोड’ तेव्हाच्या दोन जर्मनींच्या सीमेला लागून ल्युनेबुर्ग ते होफ असा खाली उतरतो. नकाशावर बोट फिरवल्यावर कळतं की ही माणसं देशाच्या एका उसवलेल्या शिवणीवरून चालली होती.

परीक्षणं वाचायची असतील तर ती या गप्पांनंतर. आधी वाचलेला माणूस बहुधा दुसऱ्याचंच मत ऐकवत बसतो.

टप्पा ८ : पुढचा सिनेमा

पहिला जमला तर लगेच तीन तासांवर उडी मारू नका. मधे वेंडर्सचाच ‘अॅलिस इन द सिटीज’ (१९७४) घ्या, तो दोन तासांच्या आत आहे. एक पत्रकार आणि त्याच्या गळ्यात पडलेली एक लहान मुलगी, आजीच्या घराचा एक फोटो घेऊन, ते घर शोधत फिरतात. पत्ता माहीत नाही. वुपरटालची लोंबकळती रेल्वे दिसली की मुलं खूश होतात. त्यानंतर ‘टू-लेन ब्लॅकटॉप’ किंवा ‘रेडिओ ऑन’. सिनेमाघरांची यंत्रं दुरुस्त करत ट्रकमधून हिंडणाऱ्या ब्रुनोचा ‘किंग्ज ऑफ द रोड’ त्याच्याही नंतर.

तो रात्री साडेनऊला लावू नका. रविवारी दुपारी चारला, जेवण पचल्यावर. १७५ मिनिटांत एकदा थांबावंच लागेल, तर ती जागा आधी ठरवा : साधारण दीड तासाच्या पुढे, ट्रक एखाद्या गावात मुक्कामाला लागल्यावर. चालत्या ट्रकच्या मधे थांबवू नका. आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं कुणालाही उशिरा यायला देऊ नका, कारण नदीकाठी ट्रकमध्ये सकाळची दाढी करणाऱ्या ब्रुनोच्या समोरून एक फोक्सवॅगन बीटल भरधाव येते आणि थेट एल्बे नदीत शिरते. गाडी बुडत असताना तिचा चालक सूटकेस घेऊन बाहेर पडतो आणि पाण्यातून चालत काठाला येतो. ब्रुनो त्याला ट्रकमध्ये घेतो. विचारपूस जवळजवळ होतच नाही. हे चुकलेल्या पाहुण्याला ‘हा ओला का आहे?’ हे समजावून सांगण्यात तुमची दुपार जाईल.